माया सोडून काप

३ तारीख, मंगळवार

ही वही ताईने देऊन आज एकोणीस दिवस झाले. पहिल्या दिवशी पेन उमटत नव्हतं. दुसऱ्या दिवशी पेन मिळालं, तर वही गठुड्याच्या तोंडात. पुढच्या सतरा दिवसांना कारण नाही. आळस. ताई म्हणाली होती, "कुठं कुठं भटकलास ते लिहून ठेव, म्हणजे पुढे थापा मारताना गोंधळ होणार नाही." मी थापा मारत नाही, थोडं वाढवून सांगतो. पण भटकण्याचं लिहायला बसलं की पाय शिवशिवायला लागतात, म्हणून इथलंच लिहितो.

इथलं म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या. पुढच्या खोलीत शिलाई मशीन, मागच्या खोलीत बाकीचं सगळं. माणसं अडीच: ताई, मी, आणि ताईची अकरा महिन्यांची लेक, जिला जन्मल्यापासून सगळे गठुडं म्हणतात. दाजी जहाजावर स्वयंपाकी आहेत, ते सहा महिन्यांतून एकदा उगवतात. मी आठ दिवसांसाठी आलो होतो. त्याला दोन महिने झाले.

ताई शर्टाच्या कारखान्यात कॉलर शिवायची. गठुड्यासाठी घेतलेली तिची सुट्टी पंचवीस तारखेला संपते. त्या दिवशी "येते" किंवा "येत नाही" सांगायचं. येते म्हटलं तर गठुडं रोज दहा तास शेजारणीकडे. येत नाही म्हटलं तर घरी काहीतरी चालायला हवं, आणि ते काहीतरी म्हणजे कापडी खुर्ची.

कापडी खुर्ची ही खुर्ची नाहीच. उशीच्या अभ्र्यासारखी जाड कापडाची खोळ असते, ती साध्या खुर्चीच्या पाठीवर वरून चढवायची. खोळीला पुढे पदर असतो, तो बाळाच्या पायांमधून वर घ्यायचा, पोटावरचा पट्टा मागे नेऊन बांधायचा. बाळ बसलं, आईचे दोन्ही हात सुटले. काम झालं की घडी करून पिशवीत. ताईने पहिली शिवली ती स्वतःला दोन घास सरळ खाता यावेत म्हणून. कोपऱ्यावरच्या हॉटेलात ती वापरत असताना हॉटेलच्या मालकीणबाईंनी बघितली आणि म्हणाल्या, "मला बारा दे. जमल्या तर माझ्या दोन्ही भावांच्या हॉटेलांत पण लागतील."

ताईचा हिशेब सरळ आहे. या बारा जमल्या तर कारखाना सुटला.

मी मदतनीस. सर्कशीच्या तंबूवाल्यांबरोबर मी दोन वर्षं होतो, जाड सुई हातात नवीन नाही. ताई म्हणते, "हत्तीवर छप्पर घालणं वेगळं आणि बाळाला बसवणं वेगळं."

५ तारीख, गुरुवार

सकाळी ताईने दोरा आणायला पाठवलं. दोरा घेऊन परत येताना वाटेत एक माणूस जुनी घड्याळं उघडून बसला होता. एका घड्याळात मुंगी शिरली होती आणि ती काट्याबरोबर फिरत होती. आम्ही दोघं बघत बसलो. मुंगी साडेअकराला उतरली, तेव्हा घराची आठवण झाली.

घरी आलो तर फोनवर शिट्टीबाई. ही कारखान्यातली सुपरवायझर. गळ्यात शिट्टी घालून फिरते, कोणी मान वर केली की वाजवते. ताईचे हात मशीनवर होते, म्हणून फोन मोठ्या आवाजात लावलेला.

"काय गं, येतेस ना?"

"बाई, पंचवीसपर्यंत वेळ आहे."

"आहे. पण पंचवीसनंतर मी विचारणार नाही, एवढं ध्यानात ठेव. आणि हा मशीनचा आवाज कसला? काय शिवतेस?"

ताईने भोळेपणाने सगळं सांगितलं.

"पट्ट्याला टाका कसला मारतेस? नुसती सरळ शिलाई?"

"चौकोन, मधे फुली."

"दुहेरी?"

"दुहेरी, बाई."

"हं." फोन बंद.

ही बाई माहिती काढतेय. उद्या कारखान्यातच कापडी खुर्च्या निघाल्या तर मला नवल वाटणार नाही. ताईला म्हटलं, तर ती म्हणते, "दोरा कुठंय?" दोरा घड्याळवाल्याकडे राहिला होता.

७ तारीख, शनिवार

काल धक्क्यावर एकजण भेटला. म्हणाला, बेटावर दीपगृह रंगवायचंय, माणसं हवीत, सोमवारी होडी. मी जेवताना सहज बोललो. ताई म्हणाली, "जा की." आणि सकाळी उठून बघतो तर डावा बूट गायब. सगळं घर पालथं घातलं. गठुडं रांगायला लागल्यापासून या घरात काही जागेवर राहत नाही.

९ तारीख, सोमवार

बूट सापडला, कपाटावर. होडी गेली होती. गठुडं आता धरून उभं राहतं हे मान्य, पण कपाटावर बूट कसा टाकला हा अभ्यासाचा विषय आहे.

असो. आजचा दिवस माझा. ताई गठुड्याला इंजेक्शन द्यायला दवाखान्यात गेली. जाताना बाराही खुर्च्यांचं कापड टेबलावर पसरून खडूने आखून गेली. निळं, जाड, आत पांढऱ्या बारीक रेघा, असं कापड की हात फिरवत राहावं. मी फिरवतच होतो. तेवढ्यात दारातून ताई म्हणाली, "हे बघ, खडूची रेघ बघून काप. आणि माया सोडून काप. ऐकलंस ना? माया सोड."

मला तिचं बोलणं पटलं. कापडाचा असा मोह ठेवला की कात्री अडखळते. तंबूवाला म्हातारापण म्हणायचा, कापताना मन घट्ट करावं. मी डोळे मिटले, दीर्घ श्वास घेतला, सगळी माया सोडली आणि बरोब्बर खडूच्या रेघेवरून कापत गेलो. केसभरही इकडं तिकडं नाही. बारा खोळी, बारा पदर, चोवीस पट्टे. एवढं नेमकं काम मी जन्मात केलं नव्हतं.

ताई आली तेव्हा गठुड्याला कणकण होती. ती त्याला घेऊन आडवी झाली. मी म्हटलं, कापलंय तर सरळ शिलाया पण मारून टाकतो, ताईला उद्या बरं वाटेल. बाराच्या बारा खोळी शिवल्या. उद्या तिचा चेहरा बघायचाय.

१० तारीख, मंगळवार

बघितला.

ताईने पहिली खोळ उचलली आणि खुर्चीच्या पाठीवर चढवायला गेली. ती अर्ध्यात अडकली, थोरल्याने धाकट्याची टोपी घालावी तशी. दुसरी घेतली. तीही. मग तिने खोळ उलटी केली आणि शिवणीची कड बोटांत धरून बराच वेळ बघत राहिली.

"माया कुठंय?"

"सोडली."

"कुठं सोडली?"

"तूच म्हणालीस ना, माया सोड. म्हणून मन घट्ट केलं."

ताई खुर्चीवर बसली. मग मला सगळं कळलं. शिवणाऱ्यांच्या भाषेत माया म्हणजे रेघेच्या बाहेर ठेवायची बोटभर पट्टी, जी शिवणीत आत जाते. माया सोडायची म्हणजे ठेवायची. तंबूला असलं काही नसतं, तिथं कापडावर कापड चढवतात आणि शिवतात. मी रेघेवरून कापलं, आणि वरून शिवणीत बोटबोट कापड खाल्लं. बाराही खोळी सगळ्या बाजूंनी आखूड. तसलं कापड दुकानात संपलंय, ताईने शेवटचा तागाच आणला होता.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "सोड म्हणजे ठेव रे, बाबा," आणि भाजी चिरायला गेली. भाजी नेहमीपेक्षा बारीक चिरली होती.

११ तारीख, बुधवार

जायचं ठरवलं. मी जिथं थांबतो तिथं काहीतरी बिघडतं. सर्कशीत माकड सुटलं, गलबतावर पीठ भिजलं, आणि आता हे. पंचवीसला चौदा दिवस आहेत. मी नसलो तर ताईला निदान जेवायला एक तोंड कमी. पिशवी भरली. चिठ्ठी लिहिली. बूट घालायला गेलो.

डावा बूट नाही.

ताई मशीनवर पाठमोरी बसली होती. म्हटलं, "ताई, गठुड्यानं बूट पुन्हा कुठंतरी टाकला."

"फार वांड झालंय," ताई म्हणाली. "मिळेल. तोवर त्या शिवणी उसव, बसल्या बसल्या." गठुडं झोपलं होतं.

उजवा बूट घेऊन जिन्यात बसलो. अनवाणी पायानं घर सोडता येतं, पण एक बूट घालून सोडता येत नाही, लोक हसतात. बसल्या बसल्या बुटाची नाडी ओढत होतो. हा बूट मी एका जाड्या खलाशाकडून घेतला. त्याचा पाय केवढा, माझा केवढा, पण नाडी आवळली की बसतो. जाड मोजा घातला तर सैल केली की बसतो. तंबूपण असाच. दोन तुकड्यांमध्ये फट ठेवायची, कडेला पितळी कड्या ठोकायच्या, दोरी ओवायची, आणि खांब असेल तसा आवळायचा.

खोळीच्या दोन्ही बाजू उसवल्या, कड्या ठोकल्या आणि दोरी ओवली तर?

मी जिन्यावरून असा धावत वर गेलो की शेजारीण बाहेर आली.

१२ तारीख, गुरुवार

ताईने ऐकून घेतलं. मग एक एक शंका काढत बसली. फटीतून बाळाचं बोट गेलं तर? म्हटलं, बुटाला जीभ असते तशी आतून कापडाची जीभ लावू. दोरीचं टोक बाळाच्या हाती लागलं तर? ताईच म्हणाली, "गाठ मागच्या बाजूला, आणि गाठीवर खिसा. दोरी खिशात, खिसा बंद. बाळाला दोरी दिसतासुद्धा कामा नये." मी म्हटलं, बाळाला कशाला, खुर्चीला पण दिसणार नाही. तिला हसू आलं. दोन दिवसांनी आलं.

जिभेला पिवळं कापड घेतलंय, निळं मिळत नाही म्हणून.

बूट पिठाच्या डब्यामागे सापडला. ताईलाच सापडला.

१५ तारीख, रविवार

चार झाल्या. प्रत्येक खुर्चीत आधी बटाटेराव बसतात. बटाटेराव म्हणजे बारा किलो बटाट्यांची पिशवी. पट्टा बांधायचा, पुढे ओढायचं, बाजूला हिसका, मग पदर खालून ओढायचा. एकही टाका उसवला तर ती खुर्ची बाद. तिसऱ्या खुर्चीचा एक टाका कुरकुरला. ताईने पूर्ण पट्टा उसवून परत मारला. म्हटलं, एकच तर टाका होता. ती म्हणाली, "बटाटा पडला तर भाजी होते. मूल पडलं तर?" त्यानंतर मी पट्ट्यांवर चेष्टा करत नाही.

शेवटी गठुडं बसतं. त्याला बटाटेरावांच्या नंतरची जागा आवडते, ऊब असते म्हणून असेल.

शिट्टीबाईंचा फोन. "तुझ्या जागी तीन पोरी बसवून बघितल्या. एकीची कॉलर वाकडी, दुसरीची त्याहून वाकडी, तिसरी रडते."

"मी सांगते ना बाई, पंचवीसला."

"सांग. मला काय, मी घरी बसून भिंती मोजीन." मग ठोकण्याचा आवाज कसला म्हणून विचारलं, ताईने कड्यांचं सांगितलं, तर म्हणे, "त्या कड्यांच्या खाली दुहेरी कापड घेतलंस का? नाहीतर फाटून येतील."

ताईने माझ्याकडे बघितलं. आम्ही घेतलं नव्हतं. चारही खुर्च्यांच्या कड्या परत काढाव्या लागल्या. मी म्हटलं, बघ, मुद्दाम आपला वेळ खातेय. ताई म्हणाली, "हो रे, फार दुष्ट बाई," आणि दुहेरी कापड कापायला घेतलं. माया मी सोडली. म्हणजे ठेवली.

२० तारीख, शुक्रवार

बाराही खुर्च्या एका पिशवीत मावल्या. हॉटेलात गेलो तेव्हा सकाळची गर्दी ओसरली होती. मालकीणबाई ठेंगण्या, कमरेला किल्ल्यांचा जुडगा, चालतात तेव्हा घोडागाडी आल्यासारखं वाटतं.

"चढवा," त्या म्हणाल्या.

ताईने पहिली खोळ नेहमीच्या खुर्चीवर चढवली, दोरी आवळली, गठुड्याला बसवलं. झकास. मग मालकीणबाईंनी आतून दुसरी खुर्ची ओढून आणली. ती अरुंद, पाठ उंच. मग तिसरी, ती रुंद आणि वर गोल. चौथीला डोक्यावर लाकडाची फुलं.

"लिलावात मिळतील तशा घेतल्यात," मालकीणबाई म्हणाल्या. "बारांत आठ जाती."

मी ताईकडे बघितलं. ताई खुर्च्यांकडे बघत होती. मग तिने नाड्या सैल केल्या, आवळल्या, सैल केल्या, आवळल्या. बाराही बसल्या. फुलांवरची जरा कुरकुरली, पण बसली. मालकीणबाईंनी प्रत्येक पट्टा दोन्ही हातांनी ओढून बघितला, एका खुर्चीला तर गुडघा लावून ओढलं. पिवळ्या जिभेवर बोट फिरवून म्हणाल्या, "हे डोकं कुणाचं?"

"याचं," ताई म्हणाली.

"दिसत नाही तसा."

गिऱ्हाइकांची मुलं बसवून बघते, मग भावांचं कळवते म्हणाल्या. कधी ते बोलल्या नाहीत.

परत येताना ताई म्हणाली, "मी एकाच खुर्चीचं माप घेतलं होतं. मापाप्रमाणे झालं असतं तर दोन-तीनच बसल्या असत्या."

"म्हणजे माझ्या चुकीमुळं—"

"चूक ती चूक. मिरवू नकोस."

२३ तारीख, सोमवार

हॉटेलातून काही नाही. मी दोनदा समोरून चक्कर मारून आलो. पहिल्यांदा एकच मूल दिसलं, ते बसायला तयार नव्हतं. ताईला सांगितलं नाही. दुसऱ्यांदा शेजारच्या दुकानात एक बाई पतंगाच्या कागदाचे दिवे करत होती, ते बघण्यात हॉटेलकडे बघायचं राहिलं.

ताईने कारखान्याचा निळा झगा धुऊन वाळत घातलाय. शेजारणीशी दहा तासांचं बोलून आली. मी विचारलं, ठरलं का? म्हणाली, "धुतला म्हणजे घातला असं नाही." पण इस्त्रीपण केली.

धक्क्यावरचा तो माणूस परत भेटला, संध्याकाळी सहाला होडी होती. घरी आलो तर दोन्ही बूट दाराशी, शेजारी शेजारी, पुसून ठेवलेले. या घरात असं पहिल्यांदाच झालं. मी गठुड्यासाठी एक जास्तीची पिवळी जीभ शिवायला बसलो, आणि होडीचं ध्यानात आलं तेव्हा साडेसात वाजले होते.

२५ तारीख, बुधवार

हॉटेलातून काही नाही.

सकाळी ताईने झगा अंगात घातला, गठुड्याला उचललं, शेजारणीच्या दारापर्यंत गेली. शेजारणीने हात पुढे केले. गठुडं आनंदाने गेलं, रडलंसुद्धा नाही. मला वाटतं रडलं असतं तर ताई गेली असती. रडणाऱ्या मुलाला सोडून जाणाऱ्या आया मी रोज बघतो. ते हसत गेलं आणि ताई तिथंच उभी राहिली. मग तिने हात पुढे करून त्याला परत घेतलं. शेजारीण म्हणाली, "अगं, काय झालं?" ताई म्हणाली, "काही नाही. पीठ मळायचं राहिलंय."

आत येऊन फोन लावला.

"बाई, मी येत नाही."

पलीकडून मशीनांचा आवाज येत होता, शंभरेक असतील.

"तिकडून होकार आला?"

"नाही, बाई. अजून नाही."

"आणि तरी येत नाहीस."

"नाही."

"मूर्ख आहेस," शिट्टीबाई म्हणाल्या. मग विचारलं, "इंचाला टाके किती ठेवतेस?"

"आठ."

"जाड कापडाला सहा बस झाले, सुई कापड कापते नाहीतर." आणि फोन बंद. बंद होता होता मागं कुणीतरी टाळ्या वाजवत असल्याचं ऐकू आलं, शंभर मशीनं थांबवून लोक टाळ्या कशाला वाजवतील कोण जाणे. बाईंना बक्षीसबिक्षीस मिळालं असेल, लोकांना छळण्याचं.

ताईने झगा काढला आणि त्याची बटणं कापून डबीत टाकली. बटणं चांगली होती. मग पीठ खरंच मळलं. मी विचारलं, भीती वाटत नाही का? म्हणाली, "वाटते की. तू कांदा चिर."

२७ तारीख, शुक्रवार

आज बरंच लिहायचंय आणि वेळ नाही.

सकाळी मालकीणबाई स्वतः तीन जिने चढून आल्या, किल्ल्या दुसऱ्या मजल्यापासून ऐकू येत होत्या. शनिवारी-रविवारी आमच्या सहा खुर्च्या एकदम भरलेल्या होत्या म्हणे. आया निवांत बसून दोन दोनदा चहा मागवत होत्या. भावांच्या हॉटेलांसाठी तीस हव्यात, पंधरा दिवसांत. ताईने हो म्हटलं, आवाज न चढवता, जणू रोज तीस शिवते. मालकीणबाई गेल्यावर तिने गठुड्याला उचलून खोलीभर तीन गिरक्या घेतल्या. गठुड्याने तिच्या खांद्यावर दूध काढलं.

मग आम्ही बोटं मोजली. रोज दोन खुर्च्या, एकही दिवस सुट्टी नाही. मशीन एक. हातांच्या जोड्या दोन, त्यातली एक माझी, म्हणजे दीड. ताई म्हणाली, "जमत नाही." मी म्हटलं, जमवू. ती म्हणाली, "जमवू म्हणून माणूस वाढत नाही." एवढं बोलून ती डोक्यावरून पाणी घ्यायला न्हाणीघरात गेली. मी खिडकीत बसून हे लिहितोय. समोर एक माणूस शिडीवर चढून पाटी उलटी लावत होता, ते बघत होतो.

खाली हातगाडी थांबलीय. गाडीवर शिलाई मशीन, लोखंडी पायांसकट, दोरीने बांधलेलं. मागं पांढऱ्या केसांची एक बाई, काखेत कात्री गुंडाळलेलं फडकं. गाडीवाला तीन मजले म्हटल्यावर कुरकुर करतोय. बाईने गळ्यातली शिट्टी तोंडात धरून वाजवली. गाडीवाल्याने मशीन उचललं.

शिट्टीबाई जिना चढतायत. ताईला मी आत ओरडून सांगितलं, तिला पाण्याच्या आवाजात ऐकू येत नाहीये. आता दारावर थाप पडली. बाहेरून म्हणतात, "परवा निरोपाचा हार घातला त्यांनी मला. दोन दिवस भिंती मोजल्या, चार आहेत. दार उघडतोस, की मशीन इथं जिन्यातच मांडू?"